एवढं पोहून करायचंय काय? : आमच्या जलतरण तलावाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
आमच्या भागातील सार्वजनिक जलतरण तलावाचे व्यवस्थापक,
आणि ज्यांच्या सहीने नवे वेळापत्रक लागले ते अधिकारी,
पुणे.

स. न. वि. वि.

तलावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, पहाटे येणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्या पुणेकरांना आपापल्या घराजवळचा तलाव डोळ्यांसमोर आणायला माझी मदत लागणार नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. तीन लेखी अर्ज दिले. तिन्हींवर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे चौथं पत्र सगळ्यांदेखत.

गेल्या महिन्यात एका सोमवारी पहाटे तिकीटखिडकीच्या काचेवर आतून चिकटवलेला कागद दिसला. सराव बॅच बंद. सर्व बॅच ४५ मिनिटांच्या. एका व्यक्तीस एका वेळी एकच तिकीट. १५ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी तलाव बंद राहील. खाली सही, तारीख नाही. बारा वर्षं पहाटे साडेपाच ते साडेसात चाललेली बॅच चार ओळींत आटोपली.

त्या सकाळी पाण्यात माझ्याकडे सराव करणारी एक मुलगी होती. सोळा वर्षांची, अकरावीत शिकते. आत्या तिला रोज स्कूटरवरून सोडते आणि मग स्वेटर घालून, पाय वर घेऊन गॅलरीत पेपर वाचत बसते. मुलीला येत्या हिवाळ्यात धरमतर ते गेटवे, म्हणजे रायगडातल्या धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत, समुद्रातून पोहायचंय, पुढेमागे इंग्लंड-फ्रान्समधली इंग्लिश खाडी. त्या दिवशी मी तिला पाच हजार मीटर सलग दिले होते. पंचेचाळीस मिनिटं झाली आणि शिट्टी वाजली. कानांवर टोपी, तोंड पाण्यात, तिला ती ऐकू येणार कशी? शेवटी जीवरक्षकाने बांबू घेऊन तिच्या पुढ्यात पाण्यावर दोनदा थाप मारली. कुणीतरी बुडतंय असं वाटून ती दचकून थांबली आणि चष्मा कपाळावर सरकवून इकडेतिकडे बघायला लागली. "वेळ संपली," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "ताई, मला वरून सांगितलंय." त्याच्यावर माझा राग नाही. याच बांबूने त्याने याच तलावातून दोन मुलांना बाहेर काढलेलं मी पाहिलंय.

२४५० मीटर झाले होते. निम्मेसुद्धा नाहीत.

त्याच दिवशी दुपारी मी तुमच्या कार्यालयात आले होते. तुम्ही बसायला खुर्ची दिलीत, चहा मागवलात, आणि मग म्हणालात, "मॅडम, पाऊण तास पोहलं की भरपूर व्यायाम होतो. एवढं पोहून करायचंय काय?" प्रश्नात कुचेष्टा नव्हती, खरंच विचारत होतात. मी मात्र तेव्हा चिडले आणि काहीतरी अर्धवट बोलून उठले. उत्तर द्यायचं राहिलं. ते आता देते.

मी पोहायला शिकले सासवडजवळच्या आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मामाने वरून ढकललं, डब्याने वर आणलं. तिसऱ्या दिवशी मला न सांगताच डबा सुटला. पुढे पुण्यात तलावात नाव घातलं तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, हिला वेग नाही, पण ही थांबत नाही. पन्नास आणि शंभर मीटरमध्ये मी कायम शेवटून दुसरी. पंधराशेत मात्र बाकीच्या दमायच्या तेव्हा माझं कुठे बरं चालायला लागायचं. अशा मुलामुलींसाठीच लांब पल्ल्याचं पोहणं असतं. त्यांना पदकं उशिरा मिळतात, बऱ्याचदा मिळतच नाहीत, आणि टाळ्या वाजवायला किनाऱ्यावर घरचे चार लोक असतात.

१९८९ च्या जानेवारीत, सतराव्या वर्षी, मी धरमतर ते गेटवे पोहले. अंतर साधारण ३६ किलोमीटर. ओहोटी साधायची म्हणून मध्यरात्रीनंतर धक्क्यावरून पाण्यात उतरले. मानेला, काखेत, मांड्यांना व्हॅसलीन थापलेलं. वाटेतलं रेवस बंदर मागे पडेपर्यंत होडीतल्या कंदिलाशिवाय काही दिसत नव्हतं. दर अर्ध्या तासाने वडील काठीला बांधलेल्या डब्यातून कोमट ग्लुकोजचं पाणी पुढे करायचे. ते पाय मारत उभ्याउभ्या प्यायचं, होडीला नुसतं बोट टेकलं तरी पोहणं बाद. चौथ्या तासाला मिठाने जीभ सोलल्यासारखी झाली. सहाव्या तासाला मी रडत होते आणि हात चालू होते. चष्म्यात अश्रू साचले की थांबून तो रिकामा करावा लागतो, हे मला त्या रात्री कळलं. गेटवेच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. उभी राहिले आणि घसरून बसले. नऊ तास आणि वर काही मिनिटं.

त्या नऊ तासांची तयारी पुण्यातल्या एका तलावात झाली. तिथले तेव्हाचे व्यवस्थापक मोठे खडूस गृहस्थ होते. कधी हसलेले आठवत नाहीत. पण थंडीच्या दिवसांत ते माझ्या वडिलांकडे आदल्या रात्री फाटकाची किल्ली द्यायचे. "जाताना कुलूप नीट लावा," एवढंच बोलायचे. आम्ही चार वाजता आत असायचो. आजचे नियम तेव्हा नव्हते हे मान्य, आणि जीवरक्षकाशिवाय पोरांना पाण्यात सोडावं असं मी आज कुणालाही सांगणार नाही. पण त्या माणसाने "एवढं पोहून काय करायचंय" असं कधी विचारलं नाही.

आता तुमचं वेळापत्रक घेऊन हिशोब करू. पंचेचाळीस मिनिटांत कपडे बदलणं आणि शॉवर धरून चांगल्या पोहणाऱ्याचे दोन किलोमीटर होतात. म्हणजे धरमतर ते गेटवे हे अंतर तुमच्या बॅचमध्ये पोहायचं तर अठरा दिवस लागतील. तुम्ही म्हणाल, होतातच की मग आठवड्याला बारा किलोमीटर. तिथेच घोटाळा आहे. लांब पल्ल्याच्या पोहण्यात दोन अधिक दोन चार होत नाहीत. पहिला तास कुणीही काढतो. हात ताजे असतात, पोटात साखर असते, डोकं लॅप मोजत असतं. दीड तासानंतर कोपर खाली यायला लागतं, तळवा पाणी धरण्याऐवजी त्यातून निसटतो, मान आखडते, आणि पोटात काही ढकललं तर ते वर यायला बघतं. तेव्हा हात सरळ ठेवायला शिकायचं असतं. तेव्हा पाजलेलं पाणी पोटात टिकवायला शिकायचं असतं. हे शिकायला मुळात दीड तासाच्या पलीकडे जावं लागतं, आणि नेमक्या तिथे पोचण्याआधी तुमचा बांबू पाण्यावर पडतो.

तुम्ही मला असंही सुचवलंत की दोन तास हवे तर तीन तिकिटं काढा. काढली. एकदा पोहून बाहेर आलो, ओल्या अंगाने रांगेत उभे राहिलो, पुन्हा तिकीट, पुन्हा शॉवर, पुन्हा आत. मध्ये वीस मिनिटं गेली. मुलीचे ओठ निळे पडले होते आणि आत्या पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती.

वेळेचं एवढं काय, असं वाटत असेल तर आरती साहांची गोष्ट सांगते. कोलकात्याच्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या तेव्हा बारा वर्षंही पूर्ण नव्हती. २७ ऑगस्ट १९५९ ला त्या इंग्लिश खाडी पोहायला उतरल्या. वाट दाखवणारी बोट वेळेवर आली नाही, सुरुवात ४० मिनिटं लांबली. भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाही. चौदा तासांहून जास्त पोहून, इंग्लंडचा किनारा पाच मैलांच्या आत आलेला असताना समोरून प्रवाह आला आणि त्यांना पाण्याबाहेर यावं लागलं. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि फ्रान्सच्या केप ग्री-नेपासून १६ तास २० मिनिटांत इंग्लंडला पोचल्या. खाडी पोहणारी आशियातली पहिली स्त्री. नुकती एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षी पद्मश्री. या सगळ्यात मला नेहमी ती बोटवाल्याची ४० मिनिटं आठवतात. त्याच्या लेखी तो किरकोळ उशीर असणार.

आणि हे काही लांबच्या बंगालपुरतं नाही. आपल्याच पुण्याच्या रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पूर्ण केल्या. 'ओशन्स सेव्हन' म्हणतात ते हेच. ते पूर्ण करणारे आशियातले ते पहिले. इंग्लिश खाडी, कॅलिफोर्नियाची कॅटालिना, हवाईतली मोलोकाई, आयर्लंड-स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल, जिब्राल्टर, जपानची त्सुगारू आणि कुक. यांतली मोलोकाई एकटीच चाळीस किलोमीटरच्या वर आहे. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर लांबच्या, घाटावरच्या गावातला माणूस हे करतो याचं आपण कौतुक करतो, भाषणात नाव घेतो. तुमच्या कार्यालयातही हे नाव निघालं होतं, अभिमानाने. पण घाटावरचा माणूस सराव कुठे करणार? मुठेत? माझे सासरे पुराच्या पाण्यात लकडी पुलावरून उड्या मारल्याचं सांगायचे. आज त्या पाण्यात पाय बुडवायचीही कुणाची छाती होणार नाही. खडकवासल्याला पाण्यात उतरू नका असे फलक आहेत, आणि दरवर्षी तिथे पोरं बुडतात त्यामुळे ते योग्यच आहेत. उरतो तलाव. म्हणजे तुम्ही.

आता तक्रारी. पाऊण तासाची सांगून झाली. ती सगळ्यांत मोठी.

दुसरी, हिवाळ्याची सुट्टी. नोव्हेंबरपासून गिऱ्हाईक नसतं, फिल्टरच्या पंपाचं बिल अंगावर येतं, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण जरा आमच्या बाजूने बघा. इंग्लिश खाडीचं पाणी भर उन्हाळ्यातही साधारण १५ ते १८ अंश असतं. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा, रबरी सूट चालत नाही. परवानगी मागायच्या आधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा पुरावा द्यावा लागतो. मुंबईच्या पोरांना असं पाणी घरी कधीच मिळत नाही, तिथला समुद्र कोमट. पुण्यात उघड्यावरचा, न तापवलेला तलाव डिसेंबरात पहाटे गारठतो. गेल्या डिसेंबरात माझ्या थर्मामीटरवर १९ अंश आले होते, एकदा १८. खाडीचं पाणी नाही ते, पण शरीराला थंडीची ओळख करून द्यायला पुरेसं. फुकट मिळणारी गोष्ट आहे ही! देवाने दिली आणि तुम्ही कुलूप लावलंत. शिवाय धरमतरचं पोहणं थंडीतच करायचं. ऐन तयारीचे अडीच महिने मुलीने कुठे जायचं?

"बालेवाडीला जा," असंही मला सांगण्यात आलं. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, उत्तम आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. पहाटे साडेचारला निघून, पोहून, कॉलेजला परत या शहरातून वेळेवर पोचून दाखवा, मी हे पत्र मागे घेईन.

तिसरी तक्रार दोरांची. रांगा आखणारे दोर दोन वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी काढले ते पुन्हा लागलेच नाहीत. फिल्टरच्या खोलीमागे वेटोळी करून पडलेत, वर फुटक्या खुर्च्या. दोर नसले की आडवं पोहणारे, गप्पा मारत तरंगणारे आणि सराव करणारे एकमेकांवर आदळतात. गेल्या उन्हाळ्यात एका आजोबांच्या गुडघ्याने माझ्या भुवईला तीन टाके पडले. आजोबांना माझ्याहून जास्त वाईट वाटलं, ते अजून भेटले की भुवईकडे बघतात.

चौथी, पाणी. क्लोरीनचा उग्र वास आला की पाणी स्वच्छ, अशी समजूत आहे. खरं तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळून क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. डोळे झोंबतात आणि घशात खवखवतं तेही त्यानेच. पाऊण तास डुंबणाऱ्याला ते एवढं जाणवत नाही. दोन तास पाण्याला नाक लावून श्वास घेणाऱ्याच्या छातीत ते बसतं. उपाय बादलीने जास्त पावडर ओतणं हा नाही. गाळणयंत्रणा पूर्ण वेळ चालवणं आणि दर बॅचआधी सगळ्यांना शॉवर घ्यायला लावणं हा आहे. सामू (पीएच) ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असं साधारण राखायचं असतं. त्यासाठीचा फळा तुमच्याच भिंतीवर रंगवलेला आहे, रकान्यांसकट. त्यावर शेवटची नोंद मार्चमधली आहे.

पाचवी म्हणजे तक्रार नव्हे, एक वाक्य. तुमच्याच एका सहकाऱ्यांनी मला जाताजाता विचारलं, "मुलीच्या जातीला एवढे तास पाण्यात कशाला?" त्यांना सांगा, हाच विचार ऑलिंपिकवाल्यांनी फार वर्षं केला. पुरुषांसाठी १५०० मीटर १९०८ पासून आहे. बायकांना ती शर्यत मिळाली टोकियोला, २०२१ मध्ये. जिंकली अमेरिकेच्या केटी लेडेकीने, साडेपंधरा मिनिटांच्या आसपास. बीजिंगला २००८ मध्ये खुल्या पाण्यातली दहा किलोमीटरची शर्यत सुरू झाली तेव्हा मात्र शहाणपणा सुचला होता, पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही एकदमच दिली.

शिकणाऱ्यांच्या बॅचना माझा विरोध नाही, हे स्वच्छ सांगते. उलट त्या वाढवा. या जिल्ह्यात इतकी धरणं आहेत की प्रत्येक पोराला पोहता आलंच पाहिजे. पण त्यासाठी आमची पहाट कापायची गरज नव्हती. साडेपाचला शिकायला कुणीही येत नाही. गेल्या तीन आठवड्यांत मी रोज मोजलं, साडेपाचच्या नव्या बॅचला सर्वांत जास्त माणसं आली ती नऊ, आणि त्यांतले आम्ही सहा.

म्हणून मागण्या अशा. पहाटे साडेपाच ते साडेसात ही सराव बॅच पूर्ववत करा, आठपैकी निदान दोन रांगांत तरी. उरलेल्या सहा रांगांत तुमच्या ४५ मिनिटांच्या बॅच खुशाल चालवा. सरावासाठी वेगळा मासिक पास द्या. फी वाढवायची तर वाढवा, आम्ही भरू, मात्र परवडत नाही अशा मुलांना सवलत हवी. हिवाळ्यात दिवसभर तलाव बंद ठेवायचा असेल तर ठेवा, पण पहाटेचे दोन तास उघडा, आणि महिन्यातून एका रविवारी सलग सहा तास, जीवरक्षकासकट. त्याचा त्या दिवसाचा भत्ता आम्ही पालक आणि पोहणारे मिळून देऊ, तसं लिहून देते. फळ्यावर रोजची नोंद करा. आणि यापुढे वेळापत्रक बदलायचं असेल तर महिनाभर आधी सांगा, कागदावर तारीख घालून.

१५ नोव्हेंबरला आता चार आठवडे राहिलेत. त्याआधी एकदा पहाटे या. ऑफिसात नको, तलावावरच. मुलगी पाण्यात असेल, तुम्ही काठावर खुर्ची टाकून दोन तास बसा. चहा मी आणीन, थर्मासमधून.

दोरांची काळजी करू नका. खोलीमागे जाऊन मी ते पाहून आलेय. चार दोर धड आहेत, दोघांचे मिळून चाळीसेक मणी फुटलेत आणि एकाचा ताण द्यायचा हूक गंजलाय. मणी मिळतात, हूक बदलता येतो. रविवारी चार जण येऊन आम्ही ते ओवून देऊ. फक्त त्या खोलीची किल्ली लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पहाटेच्या बॅचमधली एक जुनी पोहणारी

ता. क. : माझा थर्मामीटर खोल बाजूच्या शिडीला सुतळीने बांधलेला होता, तो सोमवारपासून दिसत नाही. कुणी काढून ठेवला असेल तर कृपया तिकीटखिडकीत द्यावा. निळ्या टोपणाचा आहे.